खो-खो : डेक्कन जिमखाना ते कुरुबूर

मराठी माणूस परप्रांती जाताना आपल्याबरोबर काय नेतो, असे विचारले असता गणेशोत्सव, नाटक व भजन यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. खेळांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही अशाच एका खेळाचा, विशेषतः त्यातील स्त्रियांच्या कर्तृत्वाचा, अल्पसा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्यातील एका उज्ज्वल पानावर आपल्या म्हैसूर जिल्ह्याचे नाव कोरले गेले आहे.

खो-खो महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात असे. त्याला नियमांच्या चौकटीत बसविण्याचा मान पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडे जातो. ते कार्य १९१४ साली झाले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्या नियमांना अधिक रेखीव रूप दिले. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि मोकळी जागा एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. म्हणूनच जेथे इतर खेळांची साधने परवडत नसत, अशा शाळांतूनही मुलींना तो खेळता आला. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे सुरू झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला महिलांची स्पर्धा भरली. स्त्रियांना या खेळात फार काळ तिष्ठावे लागले नाही, ही गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे.

तरीही जागतिक व्यासपीठ लाभण्यास त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला. पहिली विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात पार पडली. महिलांच्या गटात १९ संघ होते. भारताचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. संघात दिल्लीची नसरीन शेख, ओडिशाची मगाई माझी, राजस्थानची निर्मला भाटी होती. आणि होती आपल्या टी. नरसीपूर तालुक्यातील कुरुबूर गावची बी. चैत्रा. सोमनाथपूरचे होयसळ मंदिर पाहण्यास आपण पाहुण्यांना ज्या तालुक्यात नेतो, तोच हा तालुका.

भारताने सलामीलाच दक्षिण कोरियाचा १७५-१८ असा पराभव केला. इराण, मलेशिया, बांगलादेश व दक्षिण आफ्रिका यांना मागे टाकून संघ अंतिम सामन्यात नेपाळसमोर उभा राहिला. पहिल्या डावात भारताने ३४ गुण मिळविले. नेपाळच्या आक्रमणानंतर गुणफलक ३५-२४ असा झाला. तिसऱ्या डावाअखेर तो ७३-२४ वर गेला. शेवटच्या डावात नेपाळच्या मुली पाठलागाला उतरल्या, तेव्हा चैत्रा व तिच्या जोडीदारणींनी पाच मिनिटांहून अधिक काळ हुलकावण्या देत संघाच्या पदरात आणखी पाच गुण टाकले. ७८-४० असा विजय झाला. अंतिम सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कुरुबूरच्या या कन्येला मिळाला. कर्णधार मराठी आणि सामन्याची मानकरी कन्नड, हा योग म्हैसूरच्या मराठी वाचकास दुहेरी आनंद देणारा आहे.

पुढची हकीकत तितकी सुखद नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या विजयी खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये जाहीर केले. कर्नाटकात पुरुष संघातील एम. के. गौतम व चैत्रा यांच्यासाठी प्रत्येकी ५ लाखांची घोषणा झाली. महाराष्ट्राशी तुलना करून दोघांनी ती रक्कम नाकारली. येथे कोणा एका राज्याची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एकाच मैदानावर, एकाच चषकासाठी गाळलेल्या घामाचे मोल राज्याच्या सीमेबरोबर बदलावे, हा प्रश्न जन्माने महाराष्ट्राच्या आणि वास्तव्याने कर्नाटकाच्या असलेल्या आपल्यासारख्यांना अधिक तीव्रतेने जाणवतो. ग्रामीण भागातील मुलगी शिक्षण, विवाह व नोकरी यांच्या ओढाताणीत मैदानावर टिकावी, असे वाटत असेल, तर तिच्या कर्तृत्वाला केवळ हारतुरे पुरेसे नाहीत.

पाठलाग करणाऱ्यास या खेळात मागे वळता येत नाही. बसलेल्या सहकाऱ्यास ‘खो’ देऊन त्याची जागा घ्यावी लागते, आणि धाव पुढे चालू राहते. महाराष्ट्राने हा खेळ इतरांच्या हाती दिला, म्हणूनच तो वाढला. कुरुबूरच्या अंगणात कन्नड मुली आज ‘खो’ म्हणतात, तेव्हा तो शब्द त्यांचाही झालेला असतो. परप्रांतात आपला वारसा जपणे म्हणजे तो कुलुपात ठेवणे नव्हे, असे आम्हांस वाटते. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षी मंडळाने मुलींसाठी खो-खोचे वर्ग सुरू करावेत, आणि शेजारच्या कन्नड घरांतील मुलींनाही त्यांत अगत्याने बोलवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यासाठी दोन खांब आणि थोडा चुना एवढाच खर्च येईल.