सहा व्होल्टचा हिशेब

मागच्या महिन्यात पनवेलमधल्या एका मित्राने साठच्या दशकातली जावा २५० घेतली. इंजिन उघडून झालं, रंग झाला, क्रोम चमकलं आणि मग त्याचा मेसेज आला: "आता एखादी छोटीशी बॅटरी सुचव. किकची गाडी आहे, तिला बॅटरी लागतेच कशाला?"

प्रश्न अर्धा बरोबर आहे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत स्टार्टरची मोटर एका झटक्यात कित्येक अँपिअर ओढते, बॅटरी मोठी लागते ती त्यासाठी. किकच्या गाडीत ते काम आपला पाय करतो. पण म्हणून बॅटरी नावापुरती ठेवायची का? ते ठरतं एकाच गोष्टीवर, ती म्हणजे ठिणगी येते कुठून.

इथे जरा मागे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅटरीवर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. १८५९ मध्ये प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाची बॅटरी केली होती खरी, पण ती जड, गळकी आणि लहरी. म्हणून मॅग्नेटो लोकप्रिय झाला. १९०२ मध्ये बॉशने जास्त दाबाचा मॅग्नेटो आणला. इंजिन फिरलं की चुंबक फिरतो, चुंबक फिरला की ठिणगी. बॅटरीचा संबंधच नाही. मग १९१० च्या सुमारास अमेरिकेत केटरिंगने दुसरा मार्ग रूढ केला, बॅटरी आणि कॉइलचा. यात ठिणगी इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसते, हळू किक मारली तरी जोरदार मिळते. अट एकच, बॅटरीत जीव हवा.

आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्या या दोन घराण्यांत वाटल्या गेल्या. राजदूत १७५ (मूळची पोलंडची एसएचएल, आपल्याकडे एस्कॉर्ट्सने केली) मॅग्नेटोच्या घराण्यातली. तिची बॅटरी मेली तर हॉर्न गप्प होतो, गाडी नाही. जावा दुसऱ्या घराण्यातली. यानेचेक यांनी वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ मध्ये जावा उभी केली. मुंबईचे इराणी ती आयात करायचे. पुढे आयात बंद होत गेली तेव्हा त्यांनीच म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, १९६१ च्या सुमारास तिथल्या गाड्या रस्त्यावर आल्या. नंतर त्याच गाडीची येझ्दी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आताची जावा (२०१८) आणि येझ्दी (२०२२) या वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या गाड्या. त्यांच्याबद्दल हा लेख नाही.

तर जुन्या जावात क्रँकच्या टोकाला एक डायनॅमो असतो. सहा व्होल्ट, ४५ वॅट. मूळ बॅटरी सहा व्होल्ट, १४ एएच. म्हणजे मित्राला हवी तिच्या तिपटीहून मोठी! चेक इंजिनिअर काही हौसेने वजन वाढवत नव्हते. हिशेब करून बघा.

४५ भागिले ६, म्हणजे डायनॅमो चांगल्या वेगात असताना साडेसात अँपिअर देतो. रात्री हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब आणि मागचा ५ वॅटचा मिळून साडेसहाच्या वर गेले. कॉइलला आणखी दोन-तीन. झाले नऊ! म्हणजे गाडी व्यवस्थित पळत असतानाही रात्री खर्च जमेपेक्षा थोडा जास्तच. आणि वेग कमी झाला की डायनॅमोचा दाब बॅटरीच्या खाली येतो, कटआउट त्याला तोडून टाकतो आणि सगळा भार बॅटरीवर. चार-साडेचार एएचची बॅटरी या भाराला कागदावर अर्धा तास पुरते. प्रत्यक्षात कमीच, कारण शिशाच्या बॅटरीतून घाईने वीज काढली की ती पूर्ण देत नाही. आधी दिवा पिवळा पडतो, मग ठिणगी जाते.

आता हे पनवेलच्या भाषेत सांगतो. एक्स्प्रेस-वे कळंबोलीपासून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. लोणावळ्याला जायचं तर जुना मुंबई-पुणे रस्ता, खोपोली आणि मग घाट. जुलैतल्या संध्याकाळी पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये दिवे लावून पाऊण तास रखडायचं, आणि परतताना अंधारात थ्रॉटल मिटून घाट उतरायचा. डायनॅमोला सगळ्यात नकोशा वाटणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत! घाटाच्या वळणावर मागे ट्रेलर असताना दिवा आणि इंजिन एकदम जाणं ही काही गमतीची गोष्ट नाही.

जावाने या प्रसंगाचा विचार केला होता, हे मला फार आवडतं. हेडलाइटवरच्या चावीला एक जादा जागा असते. बॅटरी पूर्ण बसली असेल तर चावी तिथे फिरवायची, गिअर टाकून गाडी ढकलायची, आणि डायनॅमो थेट कॉइलला वीज देतो. चालू झाली की चावी पुन्हा नेहमीच्या जागी. पण ही सोय घरी पोचण्यापुरती.

मग १४ एएचच घ्यायची का? इथे काळ आडवा येतो. ती गाडी रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी बनली होती. आपण चालवतो रविवारी (सोमवारी रिलीज नसेल तर). शिशाची बॅटरी वापरून कमी आणि अर्धवट उतरलेली पडून राहून जास्त मरते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. त्यात कोकणची उष्णता.

आणखी एक अडचण म्हणजे चार्जिंग. आपत्कालीन दिव्यांत आणि वजनकाट्यांत असते ती ६ व्होल्ट ४.५ एएचची सीलबंद बॅटरी कुठेही मिळते, स्वस्त आहे, आणि राजदूतसारख्या गाडीला चालून जाते. पण तिला साधारण सव्वा-दीड अँपिअरच्या वर चार्जिंग सोसत नाही, लेबलवरच लिहिलेलं असतं. दिवसा दिवे बंद असताना जावाचा डायनॅमो याच्या कितीतरी जास्त तिच्यात ढकलू शकतो, आणि पन्नास-साठ वर्षांच्या रेग्युलेटरच्या स्प्रिंगवर भरवसा ठेवायला मी तयार नाही. जुन्या पाण्याच्या बॅटरीत जास्तीचं चार्जिंग झालं तर पाणी उडायचं, वरून डिस्टिल्ड वॉटर घातलं की झालं. सीलबंद बॅटरीत परत घालायची सोयच नाही. लिथियमचं तर नावच नको, दोन सेल ७.३ व्होल्टच्या वर नेऊन चालत नाहीत.

म्हणून मित्राला सांगितलं, आधी मल्टिमीटर. इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघ. ६.९ ते ७.२ आलं तर सीलबंद घे, ६ व्होल्ट १२ एएचची मिळते, पडून राहिली तरी लवकर उतरत नाही. साडेसातच्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर बदल, मग बॅटरीचं बोलू. दहाच्या खाली मात्र माझ्या मते जाऊ नये. डब्यात बसेल का, ते पुठ्ठा कापून बघायचं, दुकानात अंदाजाने नाही. काही हौशी लोक जुन्या बॅटरीचं काळं रबरी खोकं रिकामं करून नवी बॅटरी आत लपवतात. दिसायला झकास, पण त्यातलं आम्ल आणि शिसं घरच्या मोरीत ओतू नका म्हणजे मिळवली!

गंमत म्हणजे बॅटऱ्यांचा कारखाना आमच्या तालुक्यातच आहे. तळोज्याचा स्टँडर्ड बॅटरीजचा कारखाना १९९८ मध्ये एक्साइडने घेतला. आणि तिकडे पुण्याजवळ चिंचवडला त्यांचा कारखाना १९६९ पासून. म्हणजे जुन्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीवाले, आणि मधे घाट.

मित्राचं मोजमाप आलं आहे, ७.८ व्होल्ट. सध्या तो रेग्युलेटर शोधतोय.