खुकरीच्या पाठीवरचं नाव

काठमांडूतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी पहिल्यांदा खुकरी वाचली. हो, वाचलीच. धारेच्या विरुद्ध बाजूला, पात्याच्या जाड पाठीवर अक्षरं कोरलेली होती आणि ती चक्क आपल्या देवनागरीत होती. ‘श्री ३ चन्द्र’, पुढे १९६४. मी दुकानदाराला म्हटलं, ‘‘म्हणजे फार जुनी नाही!’’ तो हसला. नेपाळात विक्रम संवत चालतं, त्यातून सत्तावन्न वजा करायचे. खुकरी १९०७ च्या सुमाराची निघाली.

श्री ५ म्हणजे राजा आणि श्री ३ म्हणजे राणा घराण्यातला पंतप्रधान. खरी सत्ता या दुसऱ्याकडे. चन्द्र शमशेर यांनी १९०१ ते १९२९ राज्य चालवलं. त्यांच्या फौजेच्या खुकऱ्यांवर कधी त्यांचं नाव, कधी पलटणीचं, कधी नुसता क्रमांक. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा बंदुकांबरोबर अशा हजारो खुकऱ्या जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. ब्रिटिश फौजेच्या खुकऱ्यांवर मात्र इंग्रजी साल आणि सरकारी मालाची बाणाची खूण असते.

आपल्याकडे ‘गुरखा’ म्हटलं की रात्री काठी आपटत फिरणारा पहारेकरी आठवतो, आणि खुकरी म्हटलं की ‘म्यानातून काढली तर रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत’ ही दंतकथा. तसं असतं तर नेपाळात रोजचा स्वयंपाक अवघड झाला असता! डोंगरातल्या घरी खुकरीनं लाकूड फोडतात, भाजी चिरतात, बोकड कापतात. म्यानातच दोन छोटे साथीदार असतात. कर्द हा चाकू आणि चकमक हे धार लावायचं, ठिणगी पाडायचं बोथट पातं. मुठीजवळ धारेला जी खाच असते, तिला काउडी म्हणतात. तिचा अर्थ कुणी गाईचं खूर सांगतं, कुणी शिवाचं त्रिशूळ.

पण खरी करामत भट्टीत आहे. नेपाळीत लोहाराच्या कामाच्या जागेला ‘आरन’ म्हणतात. आपल्या ऐरणीची आठवण करून देणारा शब्द. पूर्वेकडच्या भोजपूरच्या खुकऱ्या नावाजलेल्या. हल्ली पोलाद बहुतेक जुन्या ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचं. तुकडा तापवायचा, एकानं धरायचा, दुसऱ्यांनी घण घालायचे. पातं घडलं की शेवटी पाणी पाजायचं. विळ्याला पाणी पाजतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण इथे पातं पाण्यात बुडवत नाहीत. चहाच्या किटलीतून बारीक धार धरून फक्त धारेच्या कडेवर पाणी सोडतात. कड कठीण होते, पाठ नरम राहते. त्यामुळे घाव बसला तरी पातं तुटत नाही. किती तापवायचं आणि किटली कुठे थांबवायची, हे लालीच्या रंगावरून ठरतं. मग मूठ लाखेनं पक्की करायची.

हे सगळं करणारा कामी. १८५४ च्या मुलुकी ऐनानं, म्हणजे जंगबहादूर राणाच्या कायद्यानं, कामींना ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही अशा जातींत घातलं. ज्याचं पाणी चालत नाही, त्यानंच पाणी पाजलेलं हत्यार मात्र दसऱ्याला पूजेत मांडायचं! गावात त्याला वर्षाकाठी धान्य मिळे, आपल्या बलुत्यासारखं. पण आपला लोहार बलुतेदार असला तरी अस्पृश्य नव्हता, कामी होता. १९६३ च्या नव्या ऐनानं अस्पृश्यतेचा कायदेशीर आधार काढून घेतला. तरी जातिभेदाला शिक्षा सांगणारा वेगळा कायदा २०११ मध्ये करावाच लागला.

दुकानातली खुकरी मी पुन्हा उजेडात धरली. मुठीजवळ, अंगठा ठेवला तर झाकली जाईल एवढी एक खूण ठोकलेली होती: छोटी चंद्रकोर, बाजूला ठिपका. दुकानदार म्हणाला, ‘‘ही कामीची.’’ मी नाव विचारलं. पाठीवरचं मोठं नाव त्यानं लगेच पुन्हा वाचून दाखवलं. मी चंद्रकोरीवर बोट ठेवलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.