पेशन्स, कबाल आणि कबुली

सराफाच्या दुकानात ‘सॉलिटेअर’ म्हटलं की एकच हिरा बसवलेली अंगठी पुढे येते आणि संगणकावर म्हटलं की सात गड्ड्यांत मांडलेले पत्ते. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘सोलुस’, म्हणजे एकटा. पत्त्यांच्याही आधी फ्रान्समध्ये हे नाव भोकांच्या पाटावरच्या खेळाला होतं. एका खुंटीने दुसरीवरून उडी मारत शेवटी एकच उरवायची. आपल्याकडच्या मुलांनी तो गोट्या घेऊन ‘ब्रेनव्हिटा’ म्हणून खेळलेला आहे.

पत्त्यांचा एकट्याने लावायचा डाव अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर युरोपात दिसू लागतो, आणि तो ‘पेशन्स’ या नावाने. ब्रिटनने तेच नाव धरून ठेवलं, अमेरिकेने ‘सॉलिटेअर’ उचललं. आपल्याकडे इंग्रजी अमलामुळे जुन्या मंडळींच्या तोंडी ‘पेशन्स लावणं’ होतं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर ‘सॉलिटेअर’ आलं आणि पेशन्स मागे पडला. मला ही अदलाबदल तोट्याची वाटते. सॉलिटेअर नुसती डोकी मोजतं. ‘पेशन्स’च्या पोटात लॅटिन ‘पाती’ आहे, म्हणजे सोसणं. त्याच धातूपासून ‘पेशंट’ झाला. दवाखान्याच्या बाकावर ताटकळणारा आणि किलवरच्या सत्तीची वाट बघणारा, दोघे एकाच कुळातले.

फ्रेंच लोक याच खेळाला ‘रेयुसित’ असंही म्हणतात. अर्थ सरळ आहे, यश. मनात इच्छा धरायची आणि डाव लावायचा. सगळे पत्ते जागेवर गेले तर इच्छा फळणार. खेळ आणि शकुन इथे फारसे वेगळे नाहीत.

सगळ्यांत रंगतदार नाव मात्र डेन्मार्क-नॉर्वेचं. तिथे हा डाव ‘कबाल’ किंवा ‘कबाले’. हिब्रू ‘कब्बाला’ म्हणजे परंपरेने मिळालेलं गूढज्ञान. फ्रेंचमध्ये त्याचं ‘कबाल’ झालं आणि अर्थ घसरत गुप्त कारस्थानापर्यंत आला. उत्तरेकडे पोचेपर्यंत कारस्थान गळालं, गूढ उरलं आणि ते पत्त्यांना चिकटलं. आता गंमत बघा. कब्बालामधला हिब्रू धातू क-ब-ल, अर्थ घेणं, स्वीकारणं. अरबीत तोच धातू ‘कबूल’ देतो. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथे त्याने संसार थाटला: कबुली, कबुलीजबाब, कबुलायत. ऑस्लोतली एखादी आजी खिडकीशी बसून जे मांडते, त्याचं नाव आपल्या कबुलायतीचं दूरचं नातलग आहे. नॉर्वेची वर्तमानपत्रं मंत्रिमंडळ जुळवण्याच्या खटपटीलाही कबालच म्हणतात. रखडलेल्या खातेवाटपासाठी आपल्या वार्ताहरांना हा शब्द उसना घ्यायला हरकत नाही.

ही झाली घराण्याची नावं. एकेका प्रकाराच्या नावात मात्र पैशाचा खणखणाट जास्त. विंडोजवरच्या खेळाचं खरं नाव क्लोंडाइक. १८९६ साली कॅनडाच्या युकॉन प्रदेशात सोनं सापडलं, हजारो माणसं तिकडे धावली आणि तिथल्या क्लोंडाइक नदीचं नाव जगभर झालं. गोऱ्यांच्या जिभेवर ‘क्लोंडाइक’ झालेला मूळ शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या हान भाषेतला ‘त्रोंदेक’. सामन माशांच्या सापळ्यांसाठी नदीत खुंट ठोकायचे, त्या ठोकण्याच्या दगडांवरून नदीला पडलेलं ते नाव. मासेमारीचा शब्द सोन्याच्या हव्यासाचा झाला आणि पुढे कार्यालयातल्या वेळकाढूपणाचा.

कॅनफिल्ड या प्रकाराचं नाव तर एका माणसाचंच. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जला रिचर्ड कॅनफिल्डचा जुगारअड्डा होता. असं सांगतात, की तो गिऱ्हाइकाला ५० डॉलरला पत्त्यांचा जोड विकायचा आणि वर लागलेल्या दर पत्त्यामागे ५ डॉलर परत द्यायचा. म्हणजे दहा पत्ते लागले तर कुठे मुद्दल सुटायचं. नावांचा गोंधळ पुढे असा झाला, की अमेरिकेच्या कॅनफिल्डला ब्रिटिश ‘डेमन’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये कॅनफिल्ड म्हणजे क्लोंडाइक. स्पायडरचं कोडं सोपं आहे: दोन जोडांतून आठ क्रम पुरे करायचे, कोळ्याचे पायही आठ.

फ्रीसेल पॉल अल्फिलने १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकावर घडवला. चार मोकळी घरं, तीच ‘सेल’. लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहान खोली. संन्याशाची, कैद्याची, मधमाशीची. व्युत्पत्तीकार तिला संस्कृत ‘शाला’शी जोडतात, म्हणजे आपली शाळा आणि ही चार घरं नात्यातली.

नावं पुन्हा वाटायची झाली तर मी अशी वाटीन. क्लोंडाइकमध्ये पत्ते पालथे असतात, बरंचसं नशिबावर असतं. त्याला रेयुसित किंवा कबाल शोभतं. फ्रीसेलमध्ये बावन्नही पत्ते उघडे, चुकलं तर दोष आपलाच. पेशन्स हे नाव त्याचं. फक्त विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमधल्या ३२,००० डावांपैकी ११९८२ क्रमांकाच्या डावावर तो खर्च करू नका. त्यातला तेवढा एकच डाव सुटत नाही.