ठेकेदारीची पात्रता कोणी ठरवली?

पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या कोडोलीत काय किंवा कुठल्याही गावात काय, वस्ती सुधारणेचे काम निघते तेव्हा निधी अनुसूचित जातींच्या नावाचा असतो. खडी वाहणारे हातही बहुतेक वेळा आपलेच असतात. ठेकेदार कोण, असे विचारले की उत्तर ठरलेले: "तुमच्यात कोणी पात्र नाही."

मित्रहो, ही पात्रता म्हणजे काय? केंद्रीय दक्षता आयोगाचे १७ डिसेंबर २००२ चे परिपत्रक बघा. मागच्या सात वर्षांत तशाच प्रकारची, अंदाजपत्रकाच्या ४० टक्के रकमेची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक काम पूर्ण केलेले हवे. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. म्हणजे काम मिळण्यासाठी आधी काम मिळालेले असावे लागते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, त्यांचे बाहेर असणेच इथे अपात्रता ठरते.

आपल्या महापुरुषांनी हा प्रश्न ओळखला होता. जोतीराव फुले स्वतः सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते; कात्रजच्या बोगद्याच्या कामात ते होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढले तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायले. आधी संधी दिली, पत नंतर तयार झाली.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. त्याच वर्षी लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी ठेक्यांतल्या वाट्याचाही प्रश्न मांडला. १९४३ मध्ये नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळाल्या. ठेक्यांचा प्रश्न मागे पडला, आणि आपणही तो विसरलो.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकाने मात्र कायदा बदलला. ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखीव झाली. २०२३ मध्ये मर्यादा एक कोटी झाली. महाराष्ट्रात छोटी कामे बेरोजगार अभियंते आणि मजूर संस्थांसाठी राखून ठेवता येतात, मग जातीचा प्रश्न आला की नियम आडवा कसा येतो?

दर्जात सवलत आम्ही मागत नाही. सिमेंट तपासा, काम मोजा, खराब असेल तर बिल अडवा. पण दर्जा कामाचा तपासायचा असतो, आजोबांच्या उलाढालीचा नव्हे. पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या वस्तीचे काम कोणाला दिले आणि कोणत्या अटीवर?

जय भीम!