तारली राहिली समुद्रात

सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट. पालेर्मो ही त्याची राजधानी. येथील जुन्या वस्त्यांमध्ये एकेका कुटुंबाने चालविलेली लहान भोजनगृहे आढळतात. त्यांना ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. मेजे थोडी, स्वयंपाकघर जवळच, आणि पदार्थांची यादी पुष्कळदा तोंडीच सांगितली जाते. कारण सकाळी बाजारात कोणती मासळी आली, यावर ती ठरते. दुपारी एकच्या आधी किंवा रात्री आठच्या आधी गेल्यास जेवण मिळण्याची शक्यता कमीच.

या भोजनगृहांची ओळख महागड्या मासळीपेक्षा तारलीवरून अधिक पटते. ‘पास्ता कोन ले सार्दे’ हा पालेर्मोचा मानाचा पदार्थ. त्यात तारलीबरोबर रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, पाइनच्या बिया आणि केशर घालतात. मासळी आणि बेदाणे यांचा हा मेळ अरबांकडून आला, असे मानले जाते. इसवी सन ८२७ मध्ये अरबांचे सैन्य बेटावर उतरले, तेव्हा हाती लागेल त्या जिन्नसांतून त्यांच्या आचाऱ्याने तो सिद्ध केला, अशी आख्यायिका आहे. वरून चीज न घालता तव्यावर भाजलेला पावाचा चुरा भुरभुरतात. चीज परवडत नसे त्यांची ही सोय, आज मात्र तिच्याविना पदार्थ अपुरा वाटतो. १९ मार्च रोजी, संत जोसेफच्या सणाला, हा पास्ता घरोघरी होतो. जोसेफ सुतार होता. म्हणून हा चुरा त्याच्या कामातील लाकडाचा भुसा, असेही सांगतात.

तारली घेण्याचीही ऐपत नसेल, तर तिच्याविनाच हा पास्ता करीत. त्याचे नाव ‘सार्दे आ मारे’, म्हणजे ‘तारली समुद्रातच आहे’. दारिद्र्याची अशी थट्टा क्वचितच एखाद्या पाककृतीच्या नावात उतरली असेल.

‘सार्दे आ बेक्काफिको’ची कथाही अशीच. बेक्काफिको हा अंजिरे खाणारा चिमुकला पक्षी. उमराव तो मसाला भरून खात. गरिबांनी तारलीत पावाचा चुरा, बेदाणे भरून तिची गुंडाळी केली आणि पक्ष्यासारखी शेपटी वर ठेवली. पालेर्मोत ती भट्टीत भाजतात, कातानियात तळतात.

बिलाबाबत मात्र सावध राहणे बरे. अख्ख्या माशाचा भाव बहुधा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, नगाचा नव्हे. त्यामुळे शिजविण्यापूर्वी मासा दाखविण्यास व वजन सांगण्यास सांगावे; त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नावापुढील तारकाचिन्ह म्हणजे गोठविलेली मासळी. ते न कळविणे इटलीत फसवणुकीचा गुन्हा ठरू शकते. ‘कोपेर्तो’ हे दरडोई बैठकीचे शुल्क असते.

तलवारमासा आणि ट्यूना ही या बेटाची प्रतिष्ठेची मासळी. मेसिनाच्या सामुद्रधुनीत उंच डोलकाठीच्या नावांवरून भाला फेकून तलवारमासा पकडतात. अतिमासेमारीमुळे भूमध्य समुद्रातील त्याच्या पकडीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादा आली असून, वर्षातील काही महिने ती पूर्ण बंद असते. फाविन्याना बेटावर जाळ्यांच्या दालनांत ट्यूना अडवून पकडण्याची शतकानुशतकांची प्रथा होती. तेथील तशी शेवटची पकड २००७ मध्ये झाली. बंदीच्या महिन्यांत ताजा तलवारमासा मागणाऱ्या पाहुण्याला मालक बहुधा त्या दिवशीच्या तारलीकडेच वळवितो.