अभ्रकाचा पर्याय आणि मागाची मोटार : विद्युतरोधक स्तरित शीटचा इतिहास

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाचे विवेचन १८७७ मध्ये सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून यंत्रमागांपर्यंत पुष्कळ झाले आहे. मागाला शक्ती देणाऱ्या मोटारीतील रोधक द्रव्यांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी स्तरित शीटचा विचार केला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी उष्णता व वीज या दोहोंना रोखणारे प्रमुख द्रव्य अभ्रक होते. त्याच्या पुरवठ्यात भारताचे, विशेषतः कोडरमा परिसराचे, स्थान अग्रगण्य होते. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बॅकेलाइट ही कृत्रिम राळ सिद्ध केली. राळेत भिजविलेल्या कागदाचे वा कापडाचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव केले, की कठीण शीट तयार होते. १९१३ मध्ये अमेरिकेत ओ'कॉनर व फेबर यांनी अशा शीटला दिलेले 'फॉर्मायका' हे नावच 'अभ्रकाऐवजी' या अर्थाचे होते. भारतीय खनिजाला शोधलेला हा पर्याय पुढे भारतातही रुजला. हैदराबादच्या एका उद्योगाचे 'हायलम' हे व्यापारी नाव तर कारागिरांच्या बोलीत सामान्यनाम झाले.

तथापि एका नावाखाली भिन्न गुणधर्म झाकले जातात. कागदी शीट स्वस्त व कापण्यास सोपे असते. परंतु ते ओलावा शोषते आणि त्याची रोधकता घटते. सुती कापडाचे शीट आघात सोसते, लेथवर चांगले कातले जाते. म्हणून त्याचे दातेरी चक्र व बुश करतात. काचतंतू व इपॉक्सी यांचे शीट ओलाव्याला दाद देत नाही. मात्र ते हत्यारांची धार लवकर घालविते व त्याची धूळ श्वसनास अपायकारक असते. कोणत्याही शीटला थरांच्या कडेतून छिद्र पाडल्यास ते दुभंगण्याचा संभव असतो.

सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या जागी हवा दमट ठेवावी लागते. तेथे कापसाची तूसही उडते. अशा ठिकाणी फिनॉलयुक्त शीटच्या पृष्ठभागावरून वीज झिरपू लागली, की तो जळून कोळशाची वाट तयार होते. रोधकच वाहक बनतो, आणि ठिणगीला तूस जवळच असते. त्यामुळे केवळ 'हायलम' मागणे पुरेसे नाही; आधारद्रव्य व राळ विचारणे आवश्यक ठरते.

सारांश, पर्यायाचा इतिहास हा केवळ शोधांचा इतिहास नसून वापरणाऱ्याच्या विवेकाचाही इतिहास आहे.