चुळबुळ्या फिलिप आणि आभाळात पाहणारा हान्स

१८४४च्या नाताळात फ्रँकफुर्टच्या डॉ. हाइन्रिख हॉफमान यांना आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक हवे होते. मनासारखे मिळेना, म्हणून त्यांनी कोरी वही आणून स्वतःच चित्रे काढली, पद्ये रचली. ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने ते पुढे जगभर गेले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतच दोन मुलगे दाखल झाले. फिलिप जेवताना खुर्ची झुलवतो आणि टेबलावरच्या कापडासकट सगळे जेवण खाली ओढतो. हान्स शाळेला निघतो, नजर पाखरांवर आणि ढगांवर, आणि थेट पाण्यात पडतो. हॉफमान पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले खरे, पण त्यांनी एडीएचडीचे पहिले वर्णन केले, हे म्हणणे मला ओढूनताणून वाटते. त्यांना मुले दिसली होती, आजार नव्हे.

वैद्यकाच्या नजरेत भरला तो फिलिप. अवधान न टिकण्याबद्दल अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८मध्येच लिहिले होते; त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९०२मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने चांगली, तरी स्वतःला आवरू न शकणारी मुले त्यांनी मांडली. कारण शरीरात शोधावे असा त्यांचा रोख होता, पण शब्द वापरला ‘नैतिक नियंत्रणाची उणीव’. त्या ‘नैतिक’ने मुलांचे फार नुकसान केले. आपल्याकडचा ‘वाह्यात’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ.

१९३७ची गोष्ट अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची. तिथल्या ब्रॅडली होममध्ये मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी मुलांच्या मणक्यातले पाणी काढून हवा भरत. त्याने डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. मात्र शिक्षिका सांगू लागल्या की, मुले अभ्यासाला बसतात! ब्रॅडलींनी तीस मुलांवर नोंदी ठेवल्या. चौदांच्या शाळेच्या कामात आठवड्याभरात डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला. मुलेच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होते, हे कोड्यासारखेच होते. पण तो काळ मनोविश्लेषणाचा, दोष आईबापांत शोधण्याचा. हे निरीक्षण वीसेक वर्षे पडून राहिले.

१९६८च्या अमेरिकी निदानसंहितेतही नाव अतिचंचलतेचेच होते. अवधानाला पहिले स्थान मिळाले १९८०मध्ये. चंचलतेशिवायही ही अडचण असू शकते, हे तेव्हा अधिकृतपणे मान्य झाले. १९८७मध्ये आजचे नाव आले.

म्हणजे हान्सला सव्वाशेहून अधिक वर्षे थांबावे लागले. त्याच्यासारखी मुले, त्यांतही मुली, वर्गात कुणाला त्रास देत नाहीत. डबा शाळेत विसरतो, प्रश्नपत्रिकेची मागची बाजू पाहायची राहते, कळलेले गणित अर्ध्यावर सुटते. बाई प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ लिहितात आणि घरी बोलणी बसतात. दहावी-अकरावीपर्यंत तिला स्वतःलाच आपण आळशी आहोत याची खात्री पटलेली असते. अशा कित्येकींचे निदान होते ते तिशी-चाळिशीत, आपल्या मुलाला तपासायला नेल्यावर, डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता.